ट्रेनिंगला जातेयस तर तेलाची बिलं घेऊन जा

अगं पोरी,

मेसेज वाचला तुझा. आरसेटीच्या, म्हणजे बँकांच्या त्या फुकट धंदा शिकवणाऱ्या केंद्राच्या, बॅचला नंबर लागलाय आणि जाऊ की नको म्हणून अडलीयेस, कारण सासूबाई म्हणतात चकल्या तर येतातच की तुला, तिथं जाऊन आणि काय शिकणार. अर्धं बरोबर आहे त्यांचं. चकली तुला येते, तिचा भाव काढता येत नाही.

किलोला तीनशे वीस घेतेस म्हणालीस. त्यात भाजणी, तेल, तिखट-मीठ धरलंस, मग गॅस कुठाय? पाऊच, लेबल, तुटलेल्या चकल्यांचा चुरा, दुकानदाराचं मार्जिन, आणि पहाटेपासून सोऱ्या दाबत बसतेस ती मजुरी? बाहेरची बाई लावलीस तर तिला रोज देशीलच ना, मग स्वतःलाच फुकट का राबवतेस? हे कॉस्टिंग तिथं शिकवतात, पण नेमकं जेवणानंतरच्या सेशनला (का ते देव जाणे), निम्म्या बायका पेंगत असतात. तू पेंगू नकोस. सरांनी फळ्यावर पापडाचं उदाहरण घेतलं तर हात वर करून म्हण, माझ्या चकलीचं काढून दाखवा.

सर्टिफिकेटच्या मागे फार लागू नकोस. पीएमएफएमई या केंद्र सरकारच्या योजनेत खाण्याच्या छोट्या उद्योगाला 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख सबसिडी आहे खरी, पण ती कर्जाला जोडलेली, म्हणजे गाठ बँकेशीच. मॅनेजर विचारणार महिन्याला किती किलो जातं, उधारी किती, तेव्हा तू नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलंस की धंदा त्याच्या नावावर गेलाच समज.

राहणं-जेवण सगळं फुकट असतं, प्रश्न घरचाच. माणदेशी फाउंडेशन या संस्थेने 2006ला साताऱ्याकडच्या म्हसवडला बायकांसाठी बिझनेस स्कूल काढलं आणि पुढे चक्क बसमध्ये वर्ग भरवून ती बस गावोगाव फिरवली, कारण बाईला घर सोडून येता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुझ्याकडे तशी बस येणार नाही, तेव्हा आधी फोन करून विचार की रोज ये-जा चालेल का, आणि लेकीला तेवढे दिवस आईकडे ठेव. सासूबाईंना मी बोलते.

बॅचचा व्हॉट्सअप ग्रुप होईल, गुड मॉर्निंगने वैताग येईल पण सोडू नकोस, पाऊच होलसेलमध्ये कुठं मिळतात ते तिथंच कळतं. महिन्याभराची तेलाची बिलं आणि चकलीचं एक पाकीट पिशवीत टाक, आणि कॉस्टिंग झालं की वहीचा फोटो पाठव मला, भाव किती वाढवायचा ते मग फोनवर बोलू.

तुझी मावशी