सातवीतला मुलगा, तीन वर्षांचा क्लास आणि मोडायला काढलेली एफडी

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. एफडीचा प्रश्न अगदी शेवटी आलाय. त्याआधीची दोन पानं मुलाबद्दल आहेत आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटतात.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताई कऱ्हाडजवळ राहतात, स्वतः नर्स आहेत, यजमान साखर कारखान्यात. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 71,000. घराचा हप्ता 18,000, घरखर्च 38,000. जवळ 4 लाखांची एफडी. मुलगा सेमी-इंग्रजी शाळेत सातवीत. गणितं बाकीच्यांच्या आधी संपवतो आणि मग चुळबूळ करतो, बाक वाजवतो, शेजारच्याशी बोलतो. वही अर्धवट, चाचणीत सोप्या चुका. बाईंची तक्रार, ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’ अशातच एका क्लासचा माणूस घरी आला. आठवी ते दहावी ‘फाउंडेशन’, म्हणजे जेईई-नीटसारख्या प्रवेश परीक्षांची आधीपासूनची तयारी, 2,70,000 रुपये, दहा तारखेच्या आत एकरकमी भरले तर सवलत. एफडी मोडू का, असं ताई विचारतात.

माझं उत्तर: मोडू नका. सवलतीसाठी तर नाहीच.

आधी आकडा नीट मांडू. माहितीपत्रकात तळाला बारीक अक्षरांत ‘कर वेगळा’ असं छापलंय. क्लासच्या फीवर 18 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे 48,600 आणखी, एकूण 3,18,600. सवलतीनंतर तो थोडा उतरेल, पण मी पूर्ण आकडा धरतो, कारण ती किती आहे हे तुम्हालाही लेखी मिळालेलं नाही. यजमानांना वाटतंय की ही फी आयकरातल्या 80सी च्या वजावटीत दाखवता येईल. तसं होत नाही. शाळेची ट्यूशन फी त्यात बसते, खासगी क्लासची नाही; आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर 80सी चा फायदाच नाही.

एवढे पैसे दिल्यावर एफडीत उरतात 81,400. तुमचा महिन्याचा खर्च आणि हप्ता मिळून 56,000, म्हणजे दीड महिनाही जेमतेम. कारखान्याचा पगार कधीकधी दोन-दोन महिने लांबतो हे तुम्हीच लिहिलंय. अशा घरात ती एफडी म्हणजे पडून राहिलेला पैसा नाही. पगार लांबतो तेव्हा तुमची चूल तिच्या भरवशावर पेटते. शिवाय 3,18,600 रुपये सात टक्क्यांनी सहा वर्षं राहिले, तर कर बाजूला ठेवून सुमारे 4,78,000 होतात. मुलगा बारावी होऊन बाहेर पडेल ती हीच वेळ. तेव्हा वसतिगृह, प्रवेश फी, लॅपटॉप हे सगळं एकदम अंगावर येतं.

पण ताई, समजा पैसे भरपूर असते, तरी मी लगेच ‘हो’ म्हटलं नसतं. मुलगा वर्गात का कंटाळतो? तुमच्या वर्णनावरून तरी वाटतं, की जे शिकवतात ते त्याला आधीच कळलेलं असतं. फाउंडेशन क्लासात बहुतेक वेळा पुढचा भाग आधी उरकतात. म्हणजे शाळेत तोच धडा तो दुसऱ्यांदा ऐकणार. ज्या कंटाळ्यावर औषध म्हणून तीन लाख द्यायचे, तोच वाढायची शक्यता आहे. शिवाय संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ हा वेळ जाणार आणि खेळ सुटणार. दिवसभर बाकावर बसून कंटाळलेल्या मुलाला आणखी तीन तास बाकावर बसवायचं, हे मला पटत नाही.

अर्थात माझा अंदाज चुकूही शकतो. म्हणून आधी कारण शोधायला पैसे बाजूला काढा, मी 10,000 धरतो. पहिल्यांदा डोळे तपासा. तुम्ही नर्स आहात, मी काय सांगणार, पण मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला फळा धूसर दिसत असेल तर तोही वही अर्धवट सोडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्या तपासणीत काय निघालं ते विचारा. मग एखाद्या जाणत्या समुपदेशकाकडून बुद्धिमत्तेची आणि अवधानाची चाचणी करून घ्या. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी 1962 पासून हुशार मुलांच्या शिक्षणावर काम करते, त्यांच्या मानसशास्त्र विभागात चौकशी करता येईल. हुशार मुलालाही अवधानाची किंवा लिहिण्याची खरी अडचण असू शकते. तशी निघाली तर त्यावर वेगळी मदत लागते, आणि ती क्लासात मिळत नाही.

बाईंशीही एकदा शांतपणे बोला, तक्रारीच्या सुरात नको. ‘काम लवकर संपलं तर त्याला एखादं अवघड गणित द्याल का, किंवा मागे पडलेल्या मुलाला समजावून सांगायला बसवाल का?’ याला एक रुपयाही लागत नाही. दुसऱ्याला समजावताना मुलाला स्वतःच्या सोप्या चुका दिसायला लागतात.

यानंतरही बाहेरची जोड हवी वाटली, तर महिन्याला 3,000 ठरवा. तुमच्याकडे 15,000 उरतात. त्यातली 6,000 ची एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) चालू ठेवा, 6,000 आरडीत, म्हणजे बँकेच्या दरमहाच्या ठेवीत टाका, बाकीचे 3,000 मुलासाठी. गणितात रमणारे एखादे सर बघा, जे आठवड्यातून दोनदा एकच कोडं घेऊन तासभर बसतील. चांगली पुस्तकं, बुद्धिबळ, किंवा नववीतल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची तयारी. तिथे लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधन प्रकल्पही असतो, म्हणून ती मला आवडते. पुण्याला गेलात तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतली शाळकरी मुलांसाठीची शनिवारची व्याख्यानं दाखवा. तीन वर्षांत हे 1,08,000 होतील. शिवाय एखादी गोष्ट त्याला रुचली नाही, तर पुढच्या महिन्यात बंद करता येते.

एकरकमी फीत नेमकं हेच हातातून जातं. जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं म्हटलंय, आणि मधेच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असंही. पण त्यांची अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे, त्यामुळे तेवढ्या भरवशावर चेक फाडू नका. आणि ‘कर्ज करून देतो, हप्ते भरा’ हा त्यांचा दुसरा पर्याय तर आणखी जड. 3 लाखांचं कर्ज 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण 10,250 आणि व्याजच 69,000. माझ्या भावाने मुलासाठी टॅबवरचा एक कोर्स असाच कर्जावर घेतला होता. मुलाने चौथ्या महिन्यात तो उघडणं सोडलं. हप्ते पुढे वीस महिने गेले, कारण कर्ज फायनान्स कंपनीचं होतं आणि तिला पोराच्या अभ्यासाशी देणंघेणं नव्हतं. वहिनी दर महिन्याला तो मेसेज बघून गप्प बसायची, ते मी विसरलेलो नाही.

यजमान म्हणतात की बाकीची मुलं पुढे जातील. त्यांची काळजी खोटी नाही. दहावीनंतर मुलाने स्वतःहून जेईई-नीटची वाट धरली, तर चांगल्या क्लासला पैसे द्यायला मीच सांगेन. तेव्हा एफडी आणि आरडी दोन्ही हाताशी असतील. त्याआधी क्लास घ्यायचाच झाला, तर तिमाही फी, महिनाभर बसून बघण्याची मुभा आणि फी परतीची अट लेखी, या तिन्ही गोष्टी मान्य करणाऱ्याकडेच जा.

‘पैसे वाचवून मुलाचं नुकसान तर करत नाही ना?’ असं तुम्ही विचारलंत. नाही, ताई. सहामाहीच्या आत चाचणी करून घ्या, बाईंशी बोला. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या वह्या घेऊन त्याच्याशेजारी बसा आणि काय बदललंय ते मला लिहा. क्लासवाल्याचा फोन आला तर सांगा, आमचा निर्णय दिवाळीनंतर. दहा तारीख जाऊ द्या.