प्रोनमध्ये (पोटावर झोपून नेम धरताना) मान दुखते आणि ग्रुप (टार्गेटवरच्या गोळ्यांचा पुंजका) तिरपा पसरतो, रायफल बदलू की पोझिशन?

भाऊ, रायफल बदलायच्या आधी थांबा, हाच खर्च मी करणार होतो. नागपुरात एनसीसीत पॉइंट टू टू रायफल हातात घेतली तेव्हापासून प्रोन मारतोय, आणि पहिलं अख्खं वर्ष मी श्वासाला शिव्या देत काढलं. क्लबची रायफल माझ्या आधी एका उंच पोराच्या मापाने लावलेली होती, मी पाच फूट चारचा, बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) लांब पडायचा म्हणून मी मान ताणून डायऑप्टरपर्यंत (मागच्या साईटच्या बारीक भोकापर्यंत) पोचायचो. कोणी सांगितलंच नाही आणि मीही विचारलं नाही.

तुमची मान दुखते म्हणजे बहुतेक तेच. आधी बटची लांबी कमी करून बघा. मग डोळे मिटून गाल चीक पीसवर (बटवरच्या गाल टेकायच्या भागावर) सैल सोडा, डोळे उघडा, साईट समोर दिसली पाहिजे. भुवयांखालून वर बघावं लागत असेल तर बट प्लेट (बटच्या टोकाची, खांद्यात बसणारी पट्टी) थोडी खाली सरकवा, म्हणजे रायफल वर येते आणि डोकं सरळ राहतं.

तिरप्या ग्रुपसाठी रिकाम्या रायफलने (चेंबर दोनदा बघा) नुसता श्वास घेत फ्रंट साईट (नळीच्या टोकावरची) बघत बसा. ती सरळ वर-खाली जायला हवी, तिरपी जात असेल तर डावा कोपर नीट रायफलखाली आलेला नाही. पण फार आत घुसवून हात उभा करू नका, आणि फार खालीही नको, आयएसएसएफच्या (नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात कोपराखालचा हात जमिनीशी 30 अंशांपेक्षा कमी चालत नाही. उजवा गुडघा थोडा वर ओढा, पोट मॅटवरून सुटतं आणि श्वास मोकळा होतो. (तर्री पोहे हाणून लगेच मॅटवर पडू नका, अनुभवाचे बोल आहेत.)

नंतर डोळे मिटा, दोन श्वास, उघडा. साईट बाजूला गेली असेल तर हाताने ढकलायची नाही, डावा कोपर तिथेच ठेवून कंबर आणि पाय सरकवा. वर-खाली गेली असेल तर हँडस्टॉप (रायफलखालचा, डावा हात टेकतो तो अडसर) हलवा, पुढे नेला की नळी खाली येते, मागे घेतला की वर जाते, फक्त त्याच्यासोबत स्लिंगही (दंडाला आणि रायफलला जोडणारा पट्टा) परत लावावा लागतो हे लोक विसरतात. स्लिंग दंडावर नस धडधडेल अशा जागी बसला तर फ्रंट साईट ठोक्यागणिक उडी मारते. 50 मीटरवर टार्गेटच्या मधली दहाची रिंग साडेदहा मिलिमीटरलाही पुरत नाही, तिथे एवढंसं पुरतं बिघडवायला. 300 मीटरला ती 100 मिलिमीटरची, पण पोझिशनची चूक तशीच पसरत जाते.

एक गोष्ट इथलीच. मे महिन्यात पातळ टीशर्टवर लावलेलं माप डिसेंबरच्या सकाळी आत स्वेटर घातला की बिघडतं, खांदा जाड होतो ना. मी दोन्ही मापं वहीत मिलिमीटरमध्ये लिहून ठेवलीत, थंडी आली की बट दोन-तीन मिलिमीटर आत घेतो.