घर अर्धवट राहिलं तरी चालेल, पण कुठे थांबायचं ते आत्ता ठरव

अगं पोरी,

तुझा लांबलचक मेसेज निवांत बसून वाचला. बाथरूम फोडून ठेवलंय आणि प्लंबर फोन उचलत नाहीये, हॉलच्या टाइल्स आल्या त्या दोन शेडच्या, सुतार रोज 'उद्या नक्की' म्हणतो, आणि तू सहावा महिना संपत आलेला असताना या सगळ्या राड्यात उभी. त्यात तू चिडलीस की घरचे म्हणणार, हार्मोन्समुळे होतंय गं तुझं, शांत हो. तर पहिलं हेच सांगते की प्लंबर गायब झाल्यावर कोणीही चिडतं, त्यासाठी गरोदर असावं लागत नाही. या दिवसांत झोप नीट होत नाही, रडू लवकर येतं, माणूस पटकन तापतं हे खरंय, पण म्हणून चुकीच्या शेडची टाइल बरोबर शेडची होत नाही ना. राग तुझा बरोबर आहे, फक्त तो प्रत्येक खिळ्यावर खर्च करू नकोस, दोन-चार ठिकाणीच लागणार आहे तो.

मी आयुष्यभर लोकांची घरं फोडून परत उभी करून दिली, त्यातल्या कितीतरी घरात दिवस गेलेल्या मुली राहत होत्या, आणि ते सगळं बघून माझं एक पक्कं मत झालंय. बाळ यायच्या आत घर 'पूर्ण' करायचं हा हट्टच सोडून दे. डॉक्टरांनी दिलेली तारीख आणि कॉन्ट्रॅक्टरने दिलेली तारीख, दोन्ही अंदाजाच्या. बरोबर ड्यू डेटलाच जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच असतात, 37 आठवडे झाले की कधीही येऊ शकतं, काही तर त्याच्याही आधी येतात, आणि कॉन्ट्रॅक्टरच्या तारखेबद्दल मी काय बोलू. मग असे दोन अंदाज एकमेकांना बांधून त्यावर स्वतःचा जीव टांगून कशाला ठेवायचा? त्यापेक्षा काम कुठे थांबवायचं ते ठरव. मी तर म्हणेन 34 व्या आठवड्याला तोडफोड, घासकाम, रंग, पॉलिश सगळं बंद, जिथे असेल तिथे. आणि आजपासून तिथपर्यंतचं काम असं लावून घे की त्या दिवशी थांबलं तरी घरात राहता येईल.

राहता येईल म्हणजे काय तर चालू संडास-बाथरूम, गरम पाणी, स्वयंपाक करता येईल एवढा ओटा, कुठेही उघडी वायर लोंबत नाहीये, आणि दार बंद करता येईल अशी एक स्वच्छ खोली. बास. बाकी हॉलचं फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट, बाल्कनी, सगळं रांगेत मागे.

आणि हो, बाळाची खोली. तुझ्या यादीत ती पहिल्या नंबरवर आहे म्हणून मुद्दाम लिहितेय, ती शेवटच्या नंबरवर टाक. ढगांचा वॉलपेपर आणि पिवळा रंग हे सगळं आपल्यासाठी असतं, बाळाला पहिले काही महिने त्याचं काही पडलेलं नसतं. बालरोगतज्ज्ञ तर सांगतात की निदान पहिले सहा महिने बाळाला आपल्याच खोलीत, पण वेगळ्या सपाट आणि जरा कडक गादीवर, उताणं झोपवा. म्हणजे ती खोली तशीही रिकामीच राहणार. तिचा रंग आत्ता काढून त्याचा वास घरभर फिरवण्यात काय शहाणपण आहे सांग.

आता कामाचा क्रम. घरात एकच संडास असेल तर तो चालू होईपर्यंत बाकी कुठल्याही कामाला माणूस लावू द्यायचा नाही. रात्री चार-चार वेळा उठावं लागतंय तुला, अंधारात सिमेंटच्या गोण्या ओलांडत शेजाऱ्यांकडे जाणार आहेस का. यावर भांड, इथे राग वापर. फक्त एका गोष्टीत घाई करू देऊ नकोस, वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून ठेवायची टेस्ट. ते लोक वेळ नाही म्हणून ती गाळायला बघतात. ट्रॅप, म्हणजे जमिनीतली पाणी जायची जाळी, बंद करून पाणी भरायचं, पातळीपाशी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची, निदान 24 तास, जमलं तर 48, तसंच ठेवायचं, आणि मग रेघ बघायची, खालच्यांच्या छताला ओल आलीय का तेही बघायचं. थोडं पाणी हवेत उडून जातं, पण पातळी बोटभर खाली गेली तर टाइल लावू द्यायची नाही. तान्हं बाळ मांडीवर घेऊन लावलेल्या टाइल्स परत फोडायची वेळ येण्यापेक्षा आत्ता दोन दिवस जास्त गेलेले परवडले.

टाइल्सचं म्हणशील तर बॉक्सच्या बाजूला शेड नंबर किंवा बॅच नंबर छापलेला असतो, तो सगळ्या बॉक्सवर एकच आहे का ते नवऱ्याला बघायला सांग, आणि वेगळा असेल तर एकही बॉक्स न फोडता परत. एकदा लावून झाल्या की दुकानदार ऐकत नाही.

धुळीचं मात्र मला खरंच टेन्शन आहे. तू लिहिलंयस की रंगाचा वास सहन होत नाही पण कटरचं काम चालू असताना मी तिथेच खुर्ची टाकून बसते, लक्ष राहतं. अगं, उलटं आहे. या दिवसांत नाक फार तिखट झालेलं असतं, त्यामुळे वासाने माणूस आपोआप पळतं, पण ज्याला वासच नाही ते जास्त फसवतं. टाइल, ग्रॅनाइट, काँक्रीट कापताना जी बारीक पूड उडते ना त्यात सिलिका असते, ती फुफ्फुसात खोल जाते, आणि इतकी हलकी असते की मशीन बंद झाल्यावरही तासन् तास हवेत तरंगते. जुन्या घरात त्याहून वाईट म्हणजे जुना रंग. पूर्वी रंगात शिसं असायचं, त्यावर बंदी वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या वर्षी आली, अमेरिकेत 1978 ला, कितीतरी ठिकाणी त्याच्या खूप नंतर. असा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ होते, आणि शिसं नाळेतून बाळापर्यंत पोचतं, त्याला सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे घर जुनं असेल आणि भिंतीवर रंगाचे थर असतील तर ते घासताना तू त्या घरातच नकोस. शेजारच्या खोलीत नको, दार लावून नको, घरातच नको. जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तेव्हाही तेच, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो, आणि ते फोडू किंवा कापू देऊ नकोस, हे काम जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घे.

एक-दोन दिवस कोणाकडे तरी राहायला जा. लाज कसली त्यात. तोडफोडीचे दिवस आणि घासकामाचे दिवस कॉन्ट्रॅक्टरकडून आधी सांगून घे आणि त्याप्रमाणे बॅग भर.

बाकी दिवसांत तुझी खोली सांभाळ. दाराला बाहेरून जाड प्लास्टिक, चारही कडांना टेप, खाली फटीत ओला टॉवेल. कापायचं सगळं काम बाल्कनीत किंवा बाहेर, कटरवर पाण्याची धार ठेवून. आणि संध्याकाळी झाडू नको, झाडूने ती खाली बसलेली पूड परत वर उडते, ओल्या फडक्याने पुसायचं, तासाभराने उरलेली खाली बसली की परत पुसायचं. हे तू करायचं नाहीस, मजुरांनी जायच्या आधी करून जायचं, कामातच धरलेलं असलं पाहिजे ते. एन-95 मास्क धुळीला चालतो, थिनरच्या वाफेला अजिबात चालत नाही, म्हणजे मास्क लावून पॉलिशवाल्याच्या शेजारी उभं राहणं म्हणजे नुसती मनाची समजूत.

रंग-पॉलिश-प्लायबद्दल थोडक्यात. भिंतींना पाण्यावर चालणारा, कमी व्हीओसीचा (म्हणजे रंगातून हवेत उडणारी केमिकल्स कमी असलेला) रंग घ्या, ऑइल पेंट आणि लाकडाचं स्प्रे पॉलिश बाळ-बाळंतपण झाल्यावर बघू. वास नाही म्हणजे केमिकल नाही असं धरू नका, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. नवीन प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यातून फॉर्माल्डिहाइड नावाचा डोळे-नाक चुरचुरवणारा वायू निघत राहतो, सुरवातीला जास्त मग कमी कमी होत जातो, उष्णता आणि दमटपणाने वाढतो, म्हणून कपाट आलं की दारं-ड्रॉवर सताड उघडे, खिडक्या उघड्या, आणि बाळाचे कपडे लगेच त्यात रचायला बसू नकोस. सुताराला पाण्यावरचा गोंद वापरायला सांग, तो जो डोकं भणभणणारा पिवळा असतो तो नको. वाळवीचं औषध मारायचं कोणी सुचवलं तर पुढे ढकल.

गॅसचा गीझर बंद बाथरूमच्या आत बसवायचा विचार असेल तर आजच रद्द कर. जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास, आणि बाळाचं रक्त तो आईच्या रक्तापेक्षा जास्त धरून ठेवतं. बाहेर बसवा किंवा विजेचा घ्या, आणि विजेचा असेल तर 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, लावून घ्या.

झालं ते वाचून आता घाबरू नकोस. थोडी धूळ याआधी अंगावर गेली असेल, एखाद्या दिवशी रंगाच्या खोलीत उभी राहिली असशील, तेवढ्याने रात्र रात्र जागायची गरज नाही. जुना रंग घासलेल्या घरात राहिली असशील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांग, रक्तातलं शिसं तपासता येतं. डोकं गरगरलं, मळमळलं तर बाहेर मोकळ्या हवेत. आणि रक्त दिसलं, पाणी गेलं, पोट ठरावीक वेळाने कडक व्हायला लागलं किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर साइटवर कोण आलंय, कोणाला पेमेंट द्यायचंय, काही बघायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

शिडीवर चढायचं नाही हे तुला सगळे सांगत असतील आणि तू वैतागत असशील. कारण सांगते म्हणजे वैतागणार नाहीस. या दिवसांत सांधे जरा सैल झालेले असतात, आणि पोट पुढे आल्यामुळे तोल कुठे जातो ते आपल्या शरीरालाच अजून नीट माहीत नसतं. नवव्या महिन्यात अचानक अंगात येईल, पंखे पुसावेसे वाटतील, माळा आवरावासा वाटेल. तेव्हा बाळाचे लंगोट घड्या घाल.

आता माणसं. रोज दिवसभर निर्णय घ्यायचे बंद कर. सकाळी नळ कुठला, दुपारी ग्राउटचा (टाइल्सच्या फटीत भरतात तो मसाला) रंग, रात्री हँडल, याने भलंभलं माणूस रडकुंडीला येतं. कॉन्ट्रॅक्टरला सांग की प्रश्न संध्याकाळी एकदाच, फोटोसकट, मेसेजवर, आणि उत्तरही मेसेजवरच देणार. साइटवर बोलणारा माणूस एकच असू दे, नवरा असेल तर नवरा, पण मग खरंच त्याने बोलायचं, तुला विचारून तुझाच निरोप पुढे द्यायचा नाही. ते काही वाटून घेणं नव्हे, पोस्टमनगिरी झाली. त्याला अख्खे विषय दे. प्लंबिंग त्याचं, म्हणजे नळाच्या मॉडेलपासून गळतीपर्यंत त्याचं, आणि त्याने निवडलेला नळ तुला नाही आवडला तरी चालवून घे. हे तुला जड जाणार आहे, मी ओळखते तुला.

पैसे तारखेवर देऊ नका, टप्प्यावर द्या. पाणी भरून टेस्ट पास झाली की एक हप्ता, टाइल्स लावून ग्राउट झालं की पुढचा, आणि शेवटचे दहा टक्के तरी सगळं हातात येईपर्यंत स्वतःकडे. प्लंबर फोन उचलत नाही कारण त्याचे बरेचसे पैसे त्याला मिळून गेलेत, बघ विचारून. वाढीव काम तोंडी सांगायचं नाही. 'एवढं करून टाक रे' म्हटलं की बिलात ते तीन ओळी होऊन येतं.

आणि 34 व्या आठवड्याला जे राहील त्याची यादी करून दोघांच्या सह्या घे. ते काम बाळ अगदी तान्हं असताना काढू नका, त्याच्या नाकाला धूळ नको आणि तुझ्या टाक्यांना दगदग नको. पण रांगायला लागायच्या आधी धुळीचं काम उरकलेलं बरं, कारण एकदा रांगायला लागलं की जमिनीवरचं सगळं हाताला आणि हाताचं तोंडात. मधल्या काळात आठवडाभर बाळाला घेऊन कुठेतरी जाता येईल तेव्हाच काढा. कॉन्ट्रॅक्टरकडून आत्ताच लिहून घे की राहिलेलं काम तो याच रेटने करून देईल आणि तोपर्यंत शिल्लक टाइल्सचे चार-सहा बॉक्स बाजूला ठेवेल, नाहीतर तेव्हा त्या शेडची टाइल मिळणार नाही आणि तो नवीन एस्टिमेट हातात ठेवेल.

तुझी,
मावशी