स्कोपवरचे आकडे आणि ५० मीटरवरचा कागद

प्रश्न : माझ्याकडे .२२ बोअरची रायफल आहे आणि सुटीच्या दिवशी रेंजवर २५ व ५० मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर मी हौसेने नेमबाजी करतो. ३-९×४० असा साधा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) आणि ६-२४×५० असा, नेमाची फुली दिव्याने उजळणारा स्कोप जवळपास एकाच किमतीत मिळत आहेत. मग दुसराच का घेऊ नये?

उत्तर : दुसऱ्यात भिंगे मोठी, हलणारे भाग अधिक आणि वर दिव्याची सोय, एवढे सगळे त्याच किमतीत बसवायचे, तर कुठेतरी काटकसर झालेली असणारच, आणि ती बहुधा भिंगांच्या दर्जात व नेम सरकवणाऱ्या यंत्रणेत होते. पहिले दोन आकडे प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतात, तर शेवटचा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. व्यासाला पटीने भागले, की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ९ पटीला ४० मिमीच्या स्कोपमध्ये ती सुमारे ४.४ मिमी असते, तर २४ पटीला ५० मिमीच्या स्कोपमध्ये जेमतेम २.१ मिमी, म्हणजे मान किंचित हलली तरी चित्र काळवंडते. शिवाय एवढ्या पटीत स्वतःच्या नाडीचे ठोकेही फुलीवर नाचताना दिसतात. ५० मीटरसाठी ९ पट पुष्कळ झाली.

पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसण्याचा दोष, किती अंतरावर जुळवून घालवलेला आहे, हे मात्र जरूर विचारावे. अनेक साध्या स्कोपमध्ये तो १०० यार्डांवर कायमचा जुळवलेला असतो; .२२ साठी ५० यार्डांचा स्कोप, किंवा पुढच्या भिंगाच्या कड्याने अंतर बदलता येणारा, अधिक सोयीचा. रिकामी रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून, तिला हात न लावता, मान हळूच वर-खाली करावी. फुली लक्ष्यावरून सरकू लागली, तर त्या अंतरावर पॅरॅलॅक्स आहे असे समजावे. स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा रायफलच्या वरच्या खाचेच्याच मापाच्या घ्याव्यात, बऱ्याच .२२ रायफलींवर ती खाच ११ मिमीची असते. (हाच स्कोप पुढे स्प्रिंगच्या एअर रायफलवर चढवणार असाल, तर तो त्यासाठी बनवलेला आहे का ते पाहावे, कारण तिचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो आणि मोठ्या रायफलीवर टिकलेले स्कोपही त्याने बिघडतात.)

खरी परीक्षा रेंजवर होते. नेम सरकवणारे बटण एक टप्पा फिरले, की एक क्लिक होतो. पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे इथे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) एका क्लिकने ५० मीटरवर मार सुमारे ३.६ मिमी सरकतो. तीन गोळ्या झाडाव्यात, मग २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली आणि २० डावीकडे असे फिरवत, नेम त्याच बिंदूवर धरून, दर वेळी तीन-तीन झाडाव्यात. कागदावर साधारण ७.३ सेंमी बाजूचा चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटची तीन छिद्रे पहिल्या तिनांत मिसळली पाहिजेत. तसे झाले नाही, तर स्कोप परत करण्यापूर्वी रिंगांचे स्क्रू एकदा तपासावेत. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.