जुन्या नाटकाला सरकार का घाबरतं?

प्रश्न : सर, आमचं खानापूरचं हौशी नाटक मंडळ. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर इंग्रजांनी 1910 ला बंदी घातली, पण परके गेल्यावर जुन्या नाटकाला कोण कशाला घाबरेल?

उत्तर : घाबरतात हो! पोलंडचं बघा. तिथला कवी मित्सक्येविच, त्याचं 'ज्यादी' नाटक, तिसरा भाग 1832 चा, रशियाचा सम्राट झार याच्या पोलंडवरच्या जुलमावरचा. वॉर्सात 1967 ला नॅशनल थिएटरात दिग्दर्शक डेयमेकने ते बसवलं तर रशियाविरुद्धच्या वाक्यांना टाळ्याच टाळ्या, कारण कम्युनिस्ट सरकार मॉस्कोच्या तालावर चालणारं आणि झारच्या जागी लोकांना कोण दिसतंय ते वरच्यांनाही कळलं, आपल्याकडं कीचकात व्हाइसरॉय कर्झन दिसला तसंच. मग सरकारनं ते बंद करायला लावलं, 30 जानेवारी 1968 ला शेवटचा प्रयोग. तो संपल्यावर पोरं घोषणा देत थेट मित्सक्येविचच्या पुतळ्यापाशी गेली, पोलिसांनी धरपकड केली, मार्चमध्ये विद्यापीठात आंदोलनच पेटलं. तुम्ही 'कीचकवध' बसवाच, तालमीला मी नक्की येतो.