समुद्र नसलेल्या काउंटीत: भाचीला पत्र

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

"मावशी, लेस्टरशायरमधल्या दुर्मीळ पक्ष्यांची यादी पाठव," असा तुझा मेसेज आला. यादी मी पाठवणार नाही. लेस्टरशायर आणि रटलंड या शेजारच्या दोन काउंट्यांचं (म्हणजे जिल्ह्यांचं) पक्षीमंडळ १९४१ पासून नोंदी ठेवतंय, त्यांच्या वार्षिक अहवालात सगळं सापडेल तुला. पण ती यादी पुण्याच्या डोळ्यांनी वाचलीस तर हसू येईल. भिगवणला चिखलात शेकड्याने उभा असणारा आपला शेकाट्या इथे आला की लोक ऑफिस टाकून धावतात. १९४५ साली शेजारच्या नॉटिंगहॅममध्ये, सांडपाण्याच्या शेतावर शेकाट्यांनी पिल्लं काढली, ती गोष्ट इथे अजून सांगितली जाते. म्हशीच्या पाठीवरचा गायबगळा इंग्लंडमध्ये पहिल्यांदा पिल्लं घेऊन बसला तो २००८ मध्ये. लहान बगळ्यांचं पहिलं घरटंसुद्धा १९९६ चं. आता ते बगळे इथल्या तळ्यांवर नेहमीचे झालेत, कोणी मान वळवून बघत नाही. तेव्हा दुर्मीळ काय, ते आधी इथल्या हिशेबाने शिकायला हवं.

आणि इथला हिशेब एका गोष्टीवर चालतो: या काउंटीला समुद्र नाही. नॉरफोकच्या किनाऱ्यावर किटिवेक हा समुद्री कुरव दिसला तर कोणी चहाचा कप खाली ठेवणार नाही. तोच किटिवेक मार्चमधल्या पश्चिमेच्या वादळानंतर रटलंड वॉटर या मोठ्या जलाशयावर आला, की माझा फोन वाजायला लागतो. तुझ्या वर्गातली मुलं सुट्टीत किनाऱ्याकडे पळतील, तूही जरूर जा. पण काउंटीत राहून काही मिळवायचं असेल तर समुद्राची पाखरं इकडे का आणि कधी येतात, एवढं समजून घे.

उदाहरणार्थ आर्क्टिक टर्न, सुरयांपैकीच एक. अंटार्क्टिकाच्या बाजूने उत्तरेकडे निघालेला हा पक्षी एप्रिलच्या शेवटी इंग्लंडच्या अगदी मधून, आपल्या डोक्यावरूनच जातो. हवा स्वच्छ असली की इतक्या उंचावरून जातो की पत्ताही लागत नाही. मात्र ढग खाली उतरले, पाऊस लागला की थवेच्या थवे मिळेल त्या पाण्यावर उतरतात. रटलंड वॉटर साडेबाराशे हेक्टरचं आहे, वरून त्यांना ते नक्कीच दिसत असणार. वारा पूर्वेचा असेल तर सोबत काळे सुरय येतात, क्वचित एखादा लिटल गल, म्हणजे छोटा कुरवही. हे पाहुणे काही तासांचेच. पाऊस थांबला, ऊन पडलं, की घिरट्या घेत वर चढतात आणि दिसेनासे होतात. म्हणून सांगते, ज्या दिवशी घराबाहेर पडू नये असं वाटतं, तोच दिवस आपला. हवामानाच्या ॲपमध्ये तापमान बघू नकोस, वाऱ्याची दिशा बघ.

टर्न ओळखताना घाई करू नकोस. कॉमन टर्नची चोच नारिंगी-लाल आणि टोकाला काळी. आर्क्टिकची आखूड आणि अख्खी गडद लाल. पण पावसात, तीनशे मीटरवरून चोच कोण बघतंय! पंख बघ. उजेड मागून आला की आर्क्टिकची सगळी उड्डाणपिसं आरपार दिसतात, कडेला फक्त बारीक काळी रेघ. कॉमनच्या पंखावर मधोमध काळपट पाचर असते, त्यामुळे पारदर्शक खिडकी लहान राहते. तरीही खात्री नसेल तर इथली जाणती मंडळी वहीत सरळ "कॉमिक टर्न" लिहून मोकळी होतात, दोन्हींपैकी एक म्हणून. त्यात कमीपणा नाही.

हिवाळ्याचं थोडक्यात सांगते. नोव्हेंबरपासून धरणाजवळच्या खोल पाण्यात ग्रेट नॉर्दर्न डायव्हर हा बुड्या मारणारा मोठा पक्षी बघ. आला की अनेकदा आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतो, त्यामुळे तुझ्या परीक्षा आटोपेपर्यंत थांबेलही. स्म्यू हे पांढरंशुभ्र बदक पूर्वी थंडीत हमखास यायचं. आता युरोपातले हिवाळे सौम्य झालेत, पलीकडचं पाणी गोठत नाही, मग ते इथवर येतील कशाला?

आयब्रुकला एकदा नक्की जा. लेस्टरशायर-रटलंडच्या हद्दीवरचं ते तळं रस्त्यावरूनच बघता येतं. १९४३ च्या मे महिन्यात जर्मनीतली धरणं फोडायला निघालेल्या ब्रिटिश वैमानिकांनी त्यावर सराव केला होता. तुझ्या बाबांना हे सांग, ते पक्ष्यांपेक्षा त्यासाठीच येतील.

पण नेहमीचं पाणी म्हणून यातलं कुठलंच धरू नकोस. तू बेलग्रेव्हला राहतेस, तिथून वॉटरमीड जवळ पडतं. रेती काढून झालेल्या खड्ड्यांची तळी, कडेला बोरूचं बन. हिवाळ्यात तिथे बिटर्न हा बगळ्यांच्या कुळातला पक्षी लपलेला असतो, आणि चेटीज वॉर्बलर हा वटवट्या दिसत नाही पण कानाशी फटाका लावल्यासारखा ओरडतो. तेच एक पाणी सतत बघत राहा. कूट हे काळे पाणपक्षी किती, पोचार्ड बदकं किती, कोणता गल रोजचा, हे अंगवळणी पडलं की वेगळं काही आलं तर आपोआप नजर अडकते. ग्रुपवर बातमी आली की धावत सुटणारे पुष्कळ आहेत. बातमी देणारे थोडे, आणि ते बहुतेक असे एकाच पाण्याला चिकटून राहिलेले.

तुझ्याजवळ एक गोष्ट मात्र आहे जी इथल्या पोरांकडे नाही. वुड सँडपायपर, म्हणजे एक तुतारी, इथे मे आणि ऑगस्टमध्ये एखाददुसरा येतो, आणि तो वुड की ग्रीन सँडपायपर यावर वाद होतात. तू तो पुण्याजवळच्या कवडीला ढिगाने पाहिलायस, भुवईवरून आणि ठिपक्यांवरून लगेच सांगशील. तसंच भोरडीचं. आपल्याकडे ज्वारीवर थवे उतरले की शेतकरी गोफण घेऊन उभा राहतो. इथे काही उन्हाळ्यांत चुकार भोरड्या पूर्वेकडून येतात. मोठी काळी-गुलाबी भोरडी कोणीही ओळखेल. सप्टेंबर-ऑक्टोबरमधलं पिल्लू अवघड. तोवर भोरडीच्या इथल्या भाऊबंदांची, स्टार्लिंगची, पिल्लं कात टाकून ठिपकेदार झालेली असतात. त्यांच्यात एखादं मातकट-फिकट, पिवळसर चोचीचं दिसलं तर थांब. छपरावरचा स्टार्लिंगचा थवा कोणी तपासत नाही, तू तपास. (स्टार्लिंग नकलाकार आहे, तेव्हा फोनमधल्या मर्लिन या आवाज ओळखणाऱ्या ॲपने अचानक काही भलतंच नाव सांगितलं तर आधी छपराकडे बघ.)

आता ज्याबद्दल कोणी फोन करत नाही ते. विलो टिट, एक चिमुकला पक्षी. ब्रिटनमध्ये हा पक्षी आहे हेच १८९७ पर्यंत कळलं नव्हतं, इतका तो मार्श टिटसारखा दिसतो. १९७० नंतर त्याची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घसरलीय. त्याला ओलसर, कोवळी झुडपं लागतात. कुजक्या खोडात तो स्वतः चोचीने बीळ पाडतो, आणि पुष्कळदा ते आयतं बीळ ब्लू टिट बळकावतो. काउंटीत तो फार थोड्या जागी उरलाय. मार्श टिट शिंकल्यासारखा "पिच्चू" म्हणतो, विलो नाकातून "च्याऽ च्याऽ च्याऽ" करतो. आवाजाखेरीज नाव लिहू नकोस. आपल्या होल्याचा इथला भाऊबंद, टर्टल डव्ह, त्याचीही हीच गत. वादळाने आलेल्या किटिवेकपेक्षा मला यांची एक नोंद जास्त मोलाची वाटते. माझ्या ओळखीतल्या पुष्कळांना हे पटत नाही.

ऑस्प्रेचं सगळे सांगतीलच. १९९६ पासून स्कॉटलंडहून ६४ पिल्लं आणून रटलंड वॉटरला सोडली, आणि २००१ मध्ये पहिलं पिल्लू इथे जन्मलं. इंग्लंडमधून हा पक्षी जाऊन तेव्हा दीडशे वर्षं उलटून गेली होती. लिंडनच्या बाजूला मॅन्टन बेचं घरटं लपणातून (पक्षी बघायच्या आडोशाच्या खोपटातून) आरामात दिसतं. दुर्बिणीतून उजव्या पायातली निळी कडी वाचायचा प्रयत्न कर. उजनीवर हिवाळ्यात तू पाहिलेली मीनखाई घार तीच, पण इथली मंडळी सप्टेंबरपर्यंत पश्चिम आफ्रिकेची वाट धरतात.

तुझ्या त्या तोफेएवढ्या लेन्सबद्दल स्पष्ट बोलते. ऑस्प्रे, बहिरी ससाणा, गव्हाणी घुबड, इतकंच काय आपल्या लहान खंड्याच्या इथल्या नातलगालासुद्धा घरट्यापाशी त्रास देणं हा १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. दुर्मीळ पक्षी घरटं करताना दिसला तर ग्रुपवर टाकायचं नाही. काउंटी रेकॉर्डरला, म्हणजे काउंटीतल्या नोंदी तपासून ठेवणाऱ्याला, कळवायचं, बस्स.

आणि काही खरोखर दुर्मीळ दिसलं, तर पुस्तक उघडण्याआधी वहीत लिही: किती अंतर, उजेड कुठून, चोच, पाय, पंख, आवाज, सोबत कोणता पक्षी होता. पुस्तक बघितल्यावर माणसाला न दिसलेल्या खुणाही दिसू लागतात. रेकॉर्डर प्रश्न विचारेल, कधी नोंद नाकारेलही. रुसू नकोस. देशपातळीवरच्या दुर्मीळ नोंदी तपासणारी समिती १९५९ पासून हेच करते, आणि भल्याभल्यांच्या नोंदी परत येतात.

शनिवारी पूर्वेचा वारा आणि दुपारपर्यंत पाऊस दाखवतोय. लेस्टरहून ओकहॅमची पहिली गाडी पकड, स्टेशनवर मी येते. परमिटचे पैसे माझ्याकडे लागले. रेनकोट आण, छत्री नको. लपणाबाहेर वाऱ्यात ती टिकत नाही. आणि मोज्यांचा जास्तीचा जोड घे.

तुझी,
मावशी