वजन जास्त असलं तर पुरुषाला मूल होण्यात अडचण येते का?

येऊ शकते, पण प्रत्येक जाड माणसाला येतेच असं नाही. चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन करतं. इस्ट्रोजेन वाढलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा इशारा मंदावतो. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटू शकते. शिवाय वृषणं शरीरापेक्षा २ ते ४ अंशांनी थंड राहावी लागतात. मांड्यांची चरबी आणि दिवसभराची बैठक त्यात अडथळा आणते. लातूर-बीडच्या उन्हाळ्यात तासन्‌तास गाडी चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आपल्या मराठवाड्यात लग्नाला दोन वर्षं झाली की आधी सुनेलाच दवाखान्यात नेतात. हे उलटं आहे. वीर्यतपासणी सोपी आणि तुलनेनं स्वस्त असते, तीही सुरुवातीलाच करा (आधी २ ते ७ दिवस संबंध टाळून). सोबत शुगर आणि थायरॉइडही बघून घ्या.

जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर अजिबात घेऊ नका, त्यानं शुक्राणू बनणंच थांबू शकतं! वजन हळूहळू उतरवा. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून पुढची तपासणी त्यानंतरच.